शिकागोतील श्रावक : वीरचंद राघवजी गांधी

आज आपल्या समाजात असे घर विरळाच, ज्या घरातील मुलगा, मुलगी, भाचा किंवा सून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी गेलेली नाही. निरोपाच्या वेळी घरातील वडीलधारी मंडळी पगाराविषयी फारसे विचारीत नाहीत. तिकडे खाण्यापिण्याचे कसे होणार, हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो. बॅगेत खाकरे भरले जातात, डाळीची पिठे बांधून दिली जातात, आणि चतुर्दशीला तरी नियम पाळ, असे दारापर्यंत बजावले जाते. बाहेरच्यांना या काळजीचे हसू येते. परंतु आपल्या धर्मात आहार हा केवळ पोट भरण्याचा विषय नाही, तो आचाराचा पाया आहे. आणि परक्या देशात श्रावकाची पहिली परीक्षा ताटापाशीच होते. ही परीक्षा ज्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, सोबतीला कोणताही पूर्वानुभव नसताना दिली, त्या वीरचंद राघवजी गांधी यांचे स्मरण या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत करणे औचित्यपूर्ण ठरेल. सर्वधर्म परिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधित्व करणारे गृहस्थ, एवढीच त्यांची ओळख आपल्यापैकी अनेकांना असते. पण परिषद सतरा दिवसांत संपली. त्यानंतर ते त्या देशात कसे राहिले, आणि परत आल्यावर त्यांच्या वाट्याला काय आले, ही हकीकत अधिक मोलाची आहे.

वीरचंदभाईंचा जन्म २५ ऑगस्ट १८६४ रोजी सौराष्ट्रातील भावनगरजवळच्या महुवा या गावी झाला. वडील राघवजी तेजपाल गांधी हे व्यापारी. धर्मनिष्ठ, पण रूढींचे आंधळे अभिमानी नव्हते. गावातील शिक्षण आटोपल्यावर वीरचंदभाई भावनगरला शिकले आणि १८८० मध्ये मॅट्रिक झाले. तत्कालीन रिवाजानुसार त्याआधीच, १८७९ मध्ये, जीवीबेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईस आले आणि १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून ऑनर्ससह बी. ए. झाले. महुव्याच्या मुलाला मुंबई हाच पहिला परदेश होता, असे म्हटले तर वावगे होणार नाही. इंग्रज प्राध्यापक, पारशी सहाध्यायी, मराठी शेजार आणि घरात गुजराती, अशा वातावरणात त्यांची जडणघडण झाली. नव्या भाषेची भीती न बाळगण्याची सवय त्यांना येथेच लागली असावी. १८९० मध्ये वडील निवर्तले, तेव्हा ऊर बडवून रडण्याची रूढी त्यांनी आपल्या घरात होऊ दिली नाही. छब्बीस वर्षांच्या मुलाने गावाच्या डोळ्यांदेखत असे करणे सोपे नव्हते.

पदवी मिळाल्यावर एकविसाव्या वर्षीच ते जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे मानद चिटणीस झाले. त्या काळी शत्रुंजयाच्या यात्रेसाठी पालिताणा संस्थान प्रत्येक यात्रेकरूकडून कर घेत असे आणि त्यावरून संस्थान व समाज यांच्यात वर्षानुवर्षे झगडा चालू होता. वीरचंदभाईंनी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे आणि काठेवाडचे पोलिटिकल एजंट कर्नल वॉटसन यांच्याकडे हा प्रश्न नेला. १८८६ मध्ये, यात्रेकरूंकडून कर न घेता समाजाने संस्थानला वर्षाला १५,००० रुपयांची ठरावीक रक्कम चाळीस वर्षे द्यावी, असा तोडगा निघाला. वयाच्या बावीसाव्या वर्षी हे काम त्यांच्या हातून पार पडले.

दुसरे प्रकरण सम्मेदशिखराचे. वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी. तिच्या परिसरात एका इंग्रज गृहस्थाने डुकरे मारून त्यांची चरबी काढण्याचा कारखाना काढला होता. दिगंबर-श्वेतांबर सगळाच समाज हवालदिल झाला. वीरचंदभाई कलकत्त्यास गेले. दप्तरातील जुने कागद वाचावयाचे तर बंगाली यावयास हवी, म्हणून तेथे सहा महिने राहून ते बंगाली शिकले, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. कागदपत्रांचा आधार मिळाला, वाद न्यायालयात गेला आणि अखेर कारखाना बंद झाला. परक्या प्रांतात जाऊन आधी तेथील भाषा शिकावी, मग बोलावे, हा त्यांचा धडा पुढे अमेरिकेत उपयोगी पडला. ही चरबीची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; ती पुन्हा येणार आहे.

मुंबईतील त्यांच्या मित्रांत मोहनदास गांधी नावाचे, नुकतेच विलायतेहून परतलेले एक तरुण बॅरिस्टर होते. दोघांत नाते नव्हते, स्नेह होता. महात्माजींनी आपल्या आत्मचरित्रात या मित्राचा उल्लेख केला आहे. वीरचंदभाई तेव्हा सॉलिसिटरच्या परीक्षेचा अभ्यास करीत होते. दोघे मिळून आहाराचे प्रयोग करीत आणि वीरचंदभाई आपल्या बुजऱ्या मित्राला फिरोजशहा मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी अशा नामांकित कायदेपंडितांच्या गोष्टी सांगत. या मोहनदासांना समुद्रपार जाण्याबद्दल १८८८ मध्ये त्यांच्या ज्ञातीने वाळीत टाकले होते आणि परतल्यावर थोरल्या भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत शुद्धिस्नान घडविले होते. समुद्र ओलांडण्याची किंमत काय असते, हे वीरचंदभाईंनी आपल्या मित्राच्या उदाहरणावरून जवळून पाहिले होते. तरीही दोनच वर्षांत ते स्वतः बोटीवर चढले.

त्याचे कारण असे घडले. कोलंबसाच्या अमेरिका-शोधाला चारशे वर्षे झाल्यानिमित्त शिकागो येथे १८९३ मध्ये एक विराट जागतिक प्रदर्शन भरविण्यात आले, आणि त्याला जोडून जगातील सर्व धर्मांची एक परिषद योजण्यात आली. तिचे निमंत्रण मूर्तिपूजक संप्रदायातील थोर आचार्य विजयानंदसूरी, म्हणजेच आत्मारामजी महाराज, यांना आले. डॉ. हॉर्नल या प्राच्यविद्या-पंडिताने उपासकदशांग सूत्राची आपली आवृत्ती महाराजांना अर्पण केली होती, त्यामुळे पाश्चात्त्य विद्वानांत त्यांचे नाव पोहोचलेले होते. परंतु जैन साधूला वाहन वर्ज्य. तो पायी विहार करतो. तो आगबोटीत कसा बसणार? महाराजांनी आपल्या वतीने वीरचंदभाईंना पाठविण्याचे ठरविले. केवळ ठरवून ते थांबले नाहीत. वीरचंदभाईंना त्यांनी जवळ बोलावून तत्त्वज्ञानाचा अभ्यास करवून घेतला आणि परिषदेच्या निमित्ताने शिकागो-प्रश्नोत्तर या नावाचा ग्रंथ रचून दिला. साधूने श्रावकाला समुद्रपार पाठवावे हे अनेकांना रुचले नाही. विरोध निघण्यापूर्वीच सुरू झाला होता. तरी १८९३ च्या ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात, एका जैन सोबत्याला बरोबर घेऊन ते मुंबईहून निघाले. तेव्हा त्यांना एकोणतिसावे वर्ष चालू होते.

शिकागो म्हणजे त्या काळी काय होते, हे थोडे सांगावयास हवे. आज आपण उंच इमारतींचे शहर म्हणून ते ओळखतो. त्या वेळी जगभर त्याची ख्याती कत्तलखान्यांचे शहर अशी होती. शहराच्या दक्षिण भागात १८६५ पासून युनियन स्टॉकयार्ड नावाचा गुरांचा प्रचंड बाजार होता. रेल्वेने गुरे, डुकरे, मेंढ्या तेथे येत, वर्षाकाठी लक्षावधी जनावरे तेथे मारली जात, आणि मांस व डुकराची चरबी डब्यांत भरून देशोदेशी रवाना होई. प्रदर्शनास येणारे प्रवासी हे कत्तलखानेही मोठ्या कौतुकाने पाहून येत. वारा फिरला की त्याचा वास शहरात पसरे. सम्मेदशिखराच्या पायथ्याशी चरबीचा एक कारखाना बंद करण्यासाठी जो मनुष्य कलकत्त्यात महिनोन्महिने झटला होता, तो आता अशा हजार कारखान्यांइतकी चरबी निघणाऱ्या गावी येऊन उतरला होता, आणि येथे कोणावर दावा लावण्याची सोय नव्हती.

ती चरबी ताटातही होती. तेथील स्वयंपाकात तळण्याला डुकराची चरबी, कणकेत चरबी, गोड पदार्थात अंडी, सारात मांसाचे पाणी. भाजी म्हणून जे समोर येई, ती कशात शिजविली आहे हे विचारल्यावाचून कळत नसे, आणि पाहुण्याने यजमानाच्या घरी असे विचारणे तेथील शिष्टाचारात बसत नसे. कंदमूळ वगळावे तर बटाटाच त्या देशाचे मुख्य अन्न. डिसेंबरात शिकागोला सूर्य साडेचारच्या आतच मावळतो. अशा ठिकाणी सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम म्हणजे काय, हे वाचकांनीच ताडावे. सरोवरावरून येणारे बर्फाळ वारे वेगळेच. अशा थंडीत मांसाहाराशिवाय माणूस तग धरू शकणार नाही, असे तेथील डॉक्टरांपासून घरमालकिणीपर्यंत सर्वांचे ठाम मत. शाकाहारी मंडळींची एक छोटी परिषद त्याच प्रदर्शनात जून महिन्यात होऊन गेली होती, पण सर्वसामान्य अमेरिकनाला ती विक्षिप्तांची जमात वाटे.

वीरचंदभाईंनी नियम मोडला नाही. हे आपण त्यांचे अनुयायी म्हणून अभिमानाने म्हणत नाही. याला साक्ष आहे स्वामी विवेकानंदांची. स्वामीजी त्याच परिषदेला गेले होते आणि दोघांचा परिचय होता. १८९४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी जुनागढचे दिवाण हरिदास विहारीदास देसाई यांना अमेरिकेहून पत्र लिहिले, त्यात वीरचंदभाईंचा मुद्दाम उल्लेख केला. इतक्या भयंकर थंडीतही हा मनुष्य वनस्पतिज आहाराखेरीज काही घेत नाही, आपल्या देशबांधवांची व धर्माची बाजू जिवाच्या कराराने मांडतो आणि येथील लोकांना तो फार आवडतो, असे त्यांनी कळविले. त्याच पत्रात त्यांनी पुढे जे लिहिले, त्याकडे आपण नंतर येऊ. येथे एवढेच नोंदवावे की स्वामीजींचे स्वतःचे आहारविषयक मत वेगळे होते आणि ते त्यांनी कधी लपविले नाही. म्हणून त्यांच्या या साक्षीला अधिक वजन आहे.

परिषद ११ सप्टेंबर १८९३ रोजी सुरू झाली. व्यासपीठावर हिंदुस्थानातून आलेली मंडळी बरीच होती. ब्राह्मसमाजाचे प्रतापचंद्र मजुमदार होते, मुंबईचे बळवंत भाऊ नगरकर होते, सिंहलद्वीपाहून आलेले बौद्ध धर्मपाल होते. वीरचंदभाईंचा त्या वेळचा वेष छायाचित्रांत आजही पाहावयास मिळतो : डोक्याला काठेवाडी पगडी, अंगात लांब अंगरखा, खांद्यावर शाल. पहिल्या दिवशी ते थोडेच बोलले. आत्मारामजी महाराजांच्या वतीने त्यांनी परिषदेला अभिवादन केले. आपला धर्म बौद्ध धर्माहून प्राचीन आहे, नीतिविचारात त्याच्याशी जवळचा पण मनाविषयीच्या विचारात त्याहून भिन्न आहे, आणि हिंदुस्थानातील पंधरा लाख शांतताप्रिय, कायदा पाळणारे लोक तो आचरतात, असे सांगून ते खाली बसले. जैन हा बौद्धांचाच एक पंथ आहे, हा समज तेव्हा पाश्चात्त्य विद्वानांतही पुरता मावळला नव्हता. सामान्य श्रोत्याला तर जैन हा शब्दच ठाऊक नव्हता. अशा सभेत आधी आपण कोण नाही ते सांगावे लागते.

पुढच्या भाषणात त्यांनी तत्त्वज्ञान मांडले, तेही मोठ्या युक्तीने. त्यांनी सुरुवात नऊ तत्त्वांच्या यादीने केली नाही. वस्तूकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत, एक द्रव्यार्थिक नय आणि दुसरा पर्यायार्थिक नय, येथून त्यांनी आरंभ केला. मूळ द्रव्याच्या दृष्टीने विश्व अनादि-अनंत आहे, आणि अवस्थांच्या दृष्टीने त्यात क्षणोक्षणी उत्पत्ती व नाश आहे. सृष्टी कोणी निर्माण केली, या एकाच प्रश्नावर वाढलेल्या श्रोत्यांना एकदम ईश्वर कर्ता नाही असे सांगितले असते, तर दारे तेथेच मिटली असती. त्यांनी आधी पाहण्याची रीत दाखविली आणि निष्कर्ष श्रोत्याच्या पदरात आपोआप पडू दिला. आपल्याकडील प्रवचनकारांनीही हे भाषण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

परिषदेच्या अखेरच्या दिवसांत एक कसोटीचा प्रसंग आला. लंडनहून आलेल्या पेंटेकोस्ट नावाच्या पाद्र्याने हिंदूंच्या देवळांवर व देवदासींवर जळजळीत टीका केली. टीका जैनांवर नव्हती. वीरचंदभाई गप्प बसले असते तर कोणी दोष दिला नसता. ते उठले. आपल्या धर्मावर कोणी हल्ला केला नाही याचे समाधान असल्याचे सांगून त्यांनी सारे उत्तर हिंदू समाजाच्या बाजूने दिले. काही ठिकाणचे दुराचार त्यांनी नाकारले नाहीत. पण ते धर्मामुळे नव्हे, तर धर्म असूनही घडतात, आणि प्रत्येक देशात असे घडतेच, हे त्यांनी निक्षून मांडले. परक्या देशात गेल्यावर माणसाची ओळख आपोआप रुंदावते. महुव्याचा वीसा श्रीमाळी तेथे हिंदुस्थानचा माणूस झाला.

परिषद संपली, बहुतेक प्रतिनिधी परतले. वीरचंदभाई राहिले. शिकागो, बॉस्टन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशा शहरांत त्यांची व्याख्याने झाली. इंग्लंड धरून पुढील काही वर्षांत ती पाचशेच्या वर गेली, असे चरित्रकार सांगतात. विषय केवळ जैन धर्म नसे. योग, कर्मसिद्धान्त, हिंदुस्थानातील स्त्रिया, गूढविद्या, श्वासोच्छ्वास, संमोहन, असे तत्कालीन अमेरिकन श्रोत्यांना ओढून आणणारे विषय ते घेत. यातील काही विषय वाचून आज आपण थोडे गोंधळतो. जैन प्रतिनिधीने संमोहनावर का बोलावे, असे वाटते. पण त्या देशात त्या वेळी परलोकविद्येचे मोठे वेड होते, आणि ज्या श्रोत्याला आत्मा या शब्दाचे कुतूहल होते तो बहुधा याच दाराने आत येत असे. ते या दारापाशी उभे राहिले आणि आलेल्याला कर्म, संयम व अहिंसा यांच्याकडे वळवीत गेले. न्यूयॉर्क राज्यात कॅसाडागा नावाचे परलोकवाद्यांचे एक शिबिरस्थान होते. तेथे हिंदुस्थानाविषयीचे गैरसमज दूर करणारे त्यांचे व्याख्यान लोकांना इतके भावले की ८ ऑगस्ट १८९४ रोजी तेथील नागरिकांनी त्यांना सुवर्णपदक दिले.

त्यांच्या व्याख्यानांत आंधळे आणि हत्ती ही आपल्या परिचयाची कथा येई. अनेकान्त शब्द इंग्रजीत नेणे अवघड. हत्ती मात्र कोठेही नेता येतो. कर्म हे सूक्ष्म पुद्गल आहे, ही कल्पना तर पश्चिमेला सर्वस्वी नवी. तेथील माणसाला कर्म म्हणजे दैव वाटे. कर्म म्हणजे आपणच ओढून घेतलेले आणि आपणच झटकू शकू असे काही, हे त्यांनी विज्ञानाच्या परिभाषेत समजाविले. श्रोत्यांच्या धर्मग्रंथांची हेटाळणी त्यांनी केली नाही. उलट येशूच्या अज्ञात जीवनाविषयी निकोलस नोटोविच याने लिहिलेल्या फ्रेंच पुस्तकाचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १८९४ मध्ये शिकागोत प्रसिद्ध झाला. हे पुस्तक पुढे बनावट ठरले. वीरचंदभाई त्याला भुलले, हे मान्य करावयास हवे; उत्साहाच्या भरात ही चूक झाली.

त्यांनी शिकागोत पौर्वात्य तत्त्वज्ञानाचे अभ्यासकेंद्र आणि वॉशिंग्टनमध्ये गांधी फिलॉसॉफिकल सोसायटी स्थापन केली. हिंदुस्थानातील स्त्रियांच्या शिक्षणाला साहाय्य करण्यासाठी तेथील सुजाण महिलांची संस्था उभी केली, तिच्या चिटणीस श्रीमती हॉवर्ड या होत्या. त्यांनी वीरचंदभाईंच्या सहवासात मांसाहार सोडला. महाराष्ट्राच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये व पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या होत्या, त्यामुळे हिंदी स्त्रीचा प्रश्न तेथील महिलामंडळांना नवा नव्हता. मात्र त्याचे चित्र बहुधा मिशनऱ्यांच्या रंगाने रंगविलेले असे. वीरचंदभाई एकीकडे ते चित्र दुरुस्त करीत आणि दुसरीकडे शिक्षणाच्या उणिवेसाठी मदत मागत. या दोन गोष्टी एकदम करणे किती नाजूक असते, हे संस्थेचे काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता स्वामी विवेकानंदांच्या त्या पत्राचा राहिलेला भाग. वीरचंदभाईंची स्तुती करून स्वामीजींनी दिवाणसाहेबांना विचारले होते की, ज्यांनी याला येथे पाठविले ते लोक काय करीत आहेत? ते तर त्याला जातिबाहेर टाकू पाहत आहेत! हे दुर्दैवाने खरे होते. शिकागोत बर्फ पडत असताना हा मनुष्य मिळेल त्या फळभाजीवर राहत होता, आणि मुंबईत त्याच्या प्रायश्चित्ताची चर्चा चालली होती. समुद्र ओलांडला, म्लेच्छांच्या घरी राहिला, तेथे याने काय खाल्ले असेल ते कोणी पाहिले आहे, असा सूर होता. १८९५ मध्ये ते परतले तेव्हा स्वागतही झाले आणि विरोधही झाला. समाजात दोन तट पडले. आत्मारामजी महाराज अखेरपर्यंत आपल्या शिष्याच्या पाठीशी उभे राहिले. १८९६ मध्ये पंजाबात गुजरानवाला येथे त्यांनी देह ठेवला आणि वीरचंदभाईंचा मोठा आधार गेला.

विरोध करणाऱ्यांना केवळ मूर्ख ठरविणे न्यायाचे होणार नाही. त्या पिढीच्या दृष्टीने ज्ञातीची शिस्त हाच धर्माचा कोट होता, आणि एक वीट निघाली की कोट ढासळेल ही भीती खोटी नव्हती. महाराष्ट्रात तरी वेगळे काय होते? १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्याबद्दल न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांना १८९२ मध्ये प्रायश्चित्त घ्यावे लागले होते. तरीही वीरचंदभाईंच्या बाबतीत मनाला लागते ते वेगळेच. ज्या नियमासाठी त्यांनी परक्या देशात हालअपेष्टा सोसल्या, तोच नियम मोडल्याचा संशय त्यांच्यावर घरी घेतला गेला. अमेरिकनांना त्यांच्या पगडीची सवय झाली, त्यांच्या पानात काय वाढू नये हे त्यांच्या यजमानिणींना पाठ झाले. आपल्याच माणसांना मात्र परतलेला वीरचंद ओळखता आला नाही. शिकागोतल्यापेक्षा मुंबईत त्यांना अधिक परके वाटले असेल, असे या लेखकास वाटते.

ते कडवट झाले नाहीत. १८९६ मध्ये अमेरिकेहून पुन्हा बोलावणे आले, तेव्हा ते पत्नी जीवीबेन आणि पुत्र मोहन यांना घेऊन निघाले. त्या काळात काठेवाडी श्रावकाची पत्नी अमेरिकेला जाते, हे पतीच्या जाण्याहूनही धाडसाचे होते. परदेशात नियमाने राहायचे तर चूल आपली हवी, आणि ती चूल चालविणाऱ्या बाईंच्या वाट्याला चरित्रग्रंथांतून जेमतेम दोन-चार ओळी आल्या आहेत. त्याच सुमारास, १८९६-९७ मध्ये, हिंदुस्थानात भीषण दुष्काळ पडला. सर्वधर्म परिषदेचे अध्वर्यू चार्ल्स बॉनी यांच्या अध्यक्षतेखाली वीरचंदभाईंनी शिकागोत दुष्काळनिवारण समिती उभी केली. मक्याने भरलेले जहाज कलकत्त्याकडे रवाना झाले आणि सुमारे ४०,००० रुपये गोळा झाले, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. त्यांना वाळीत टाकू पाहणाऱ्या देशासाठी हे धान्य येत होते. तेव्हा त्यांनी तसा विचार केला नसणार. तो आपण आज करतो.

पुढे त्यांचा मुक्काम इंग्लंडमध्येही झाला. लंडनमध्ये हर्बर्ट वॉरन नावाचे एक इंग्रज गृहस्थ त्यांच्या संपर्कात आले. वीरचंदभाईंच्या शिकवणुकीची त्यांनी बारकाईने टिपणे घेतली, श्रावकाचे आचार यथाशक्ती स्वीकारले आणि मांसाहार सोडला.

अखंड प्रवास, व्याख्याने, थंडी आणि अपुरा आहार यांनी शरीर पोखरले होते. १९०१ मध्ये वीरचंदभाई आजारी अवस्थेतच मायदेशी परतले आणि ७ ऑगस्ट १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. सदतिसावा वाढदिवस अठरा दिवसांवर आला होता. त्यांच्या मागे घरात द्रव्य नव्हते. व्याख्यानांची हस्तलिखिते आणि टिपणे होती. जैन, कर्म आणि योग या तीन तत्त्वज्ञानांवरील त्यांची इंग्रजी भाषणे भगु फ. कारभारी यांनी संपादित केली आणि ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. हर्बर्ट वॉरन यांनी १९१२ मध्ये जैन धर्मावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते मुख्यतः वीरचंदभाईंच्या तोंडून ऐकलेल्या पाठांच्या टिपणांवरच आधारलेले होते. एका इंग्रजाने इंग्रजांसाठी लिहिलेले ते पुस्तक पुढे हिंदुस्थानात जैन विद्यार्थीही वाचू लागले.

शिकागोचा तो स्टॉकयार्ड १९७१ मध्ये बंद पडला; आता त्याची दगडी कमान तेवढी उभी आहे. शहराच्या पश्चिमेला बार्टलेट येथे तेथील जैन बांधवांनी १९९३ मध्ये, परिषदेच्या शताब्दी वर्षात, भव्य जिनमंदिर उभारले. त्याच्या आवारात वीरचंदभाईंचा पुतळा आहे. भारत सरकारने २००२ मध्ये त्यांचे टपाल तिकीट काढले. त्यांची पगडी दोन्ही ठिकाणी कायम आहे.